उन्हावरचा भात

यजमान गेले त्यानंतरचे पाच-सहा महिने मी घरातले सगळे दिवे चालू ठेवत होते. हॉलमधली ट्यूब, स्वयंपाकघरातला बल्ब, आतल्या खोलीतला दिवा, अगदी बाथरूमचासुद्धा. सकाळी दूध आलं की टीव्ही लागायचा तो झोपेपर्यंत. त्यात कोण काय बोलतंय याकडे माझं लक्ष नसायचं. दोन्ही खोल्यांत पंखे फिरत असायचे आणि मी स्वयंपाकघरात पाटावर बसलेली असायचे. उठून बाहेर आलं की समोरच्या खोलीतला उजेड दिसायचा, आणि आत कुणीतरी आहे असं क्षणभर वाटायचं. तेवढ्यासाठी मी ते दिवे जाळत होते.

एका रविवारी सोसायटीच्या सेक्रेटरींनी बेल वाजवली.

"वहिनी, पाहुणे आलेत का?"

"नाही. का हो?"

"सगळीकडे दिवे दिसतात तुमच्याकडे. दिवसासुद्धा. म्हणून म्हटलं."

"येणार आहेत," मी म्हणाले. कुणीही येणार नव्हतं.

आमची इमारत वसई पश्चिमेला. आम्ही परळच्या चाळीतून इथं आलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. इमारतीच्या जागी आधी केळीची वाडी होती. कंपाउंडच्या भिंतीला लागून केळीचे कोंब अजून मधूनच वर यायचे. झाडलोट करणारा ते कापून टाकायचा, पुन्हा यायचे. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, सगळी नोकरदार. नवरा-बायको दोघंही सकाळी सातच्या आसपास बाहेर पडायची, मुलं पाळणाघरात नाहीतर शाळेत. आठ वाजून गेले की जिन्यात पाऊल वाजायचं नाही. यजमान असताना मला ही शांतता आवडायची. संध्याकाळी ती मोडणार हे ठाऊक असायचं ना.

यजमान सरकारी छापखान्यात कारकून होते. शांत माणूस, पण एक खोड होती. घरात कुठं उगाच दिवा दिसला की ते उठून बंद करून यायचे. मी स्वयंपाकघरातून दोन मिनिटांसाठी बाहेर गेले तरी परत येईतो तिथं अंधार. कपड्यांना इस्त्री आठवड्यातून एकदाच, सगळ्यांची एका बैठकीत, कारण इस्त्री पुन्हा पुन्हा तापवायला वीज जास्त लागते. भाताला शेवटची वाफ यायच्या आधीच गॅस बंद करायचा, झाकण उघडायचं नाही, आपोआप मुरतो. डाळ तास-दोन तास आधी भिजत घालायची. फ्रीजचं दार उघडून विचार करत उभं राहायचं नाही, आधी विचार करायचा आणि मग दार उघडायचं. आंघोळीला एक बादली. दाराजवळच्या स्विचबोर्डवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती, 'निघताना बंद'. एवढंच. काय बंद ते लिहिलेलं नव्हतं.

मला हे चिकटपणाचं वाटायचं. चाळीत लहान खोली होती, एकच दिवा होता, तेव्हा काही वाटलं नाही. पण इथं फ्लॅट घेतल्यावर, मुलीच्या मैत्रिणी घरी यायला लागल्यावर मला लाज वाटायची. एकदा माझ्या बहिणीचे सासू-सासरे आले होते. चहाला सगळे आत बसलो होतो. बोलता बोलता हे उठले, हॉलमधली ट्यूब बंद केली आणि परत येऊन बसले. बहिणीचे सासरे हसले. पाहुणे गेल्यावर माझा तोल गेला.

"तुमच्याबरोबर माझा जन्म अंधारात गेला," मी म्हणाले.

यांनी रिकामे कप गोळा केले. मग म्हणाले, "अंधार तू पाहिला नाहीस."

मला तो टोमणा वाटला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

त्यानंतर तीनेक वर्षांनी ते कचेरीतच गेले. दुपारचा डबा खाऊन हात धुवायला उठले आणि बेसिनपाशीच खाली बसले, असं त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मला सांगितलं. मुलगी लग्न होऊन नागपूरला होती. तेराव्यानंतर ती परत गेली. रविवारी फोन करायची. "जेवलीस का?" तिचा पहिला प्रश्न ठरलेला. मी हो म्हणायची.

आणि मी दिवे लावून बसले होते.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा वन्सं आल्या. वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण, साताऱ्याकडच्या. आठ दिवस राहायच्या बोलीवर आल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी त्यांनी सगळं घर हिंडून पाहिलं, आणि मग माझ्याजवळ येऊन बसल्या.

"हे दिवे कुणासाठी गं?"

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं, पाठीवर हात ठेवला नाही की पाणी आणून दिलं नाही. माझं झाल्यावर म्हणाल्या, "तो तुला कधी काही बोलला का? गावाबद्दल?"

गाव धरणात गेलं हे मला माहीत होतं. लग्न ठरलं तेव्हाच सांगितलं होतं, मुलाला गाव नाही. त्यापलीकडे मी कधी विचारलं नव्हतं.

"आमचं घर पाण्यात गेलं तेव्हा तो आठ वर्षांचा," वन्सं सांगू लागल्या. "आम्हाला वर माळावर जागा दिली. खाली धरणाच्या पाण्यावर वीज तयार व्हायची. तिच्या तारा आमच्या डोक्यावरून मुंबईकडं जायच्या. आमच्या वसाहतीत मात्र कंदीलच. मी लग्न होऊन गेले तरी कंदीलच. आमचे आबा संध्याकाळी अंगणात बसून वर बघायचे. म्हणायचे, वरून आपलीच नदी चाललीय बघा."

मी त्यांच्याकडे सरकून बसले.

"हा विचारायचा, कुठं चालली? आबा म्हणायचे, मुंबईला. मुंबईला काय करतात तिचं? दिवे लावतात. पुढं तो नोकरीला मुंबईला आला ना, तेव्हा पहिल्या पत्रात त्यानं काय लिहिलं होतं सांगू? इथं बंद दुकानांतसुद्धा दिवे चालू ठेवतात. मी माहेरी गेले तेव्हा आबांनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून."

वन्सं आठ दिवस राहिल्या. त्या असेपर्यंत मी काही केलं नाही. त्या गेल्या त्या संध्याकाळी आधी बाथरूमचा दिवा बंद केला, मग आतल्या खोलीतला, मग टीव्ही, मग हॉलमधली ट्यूब. स्वयंपाकघरातल्या एका दिव्याखाली बसले. बरं वगैरे काही वाटलं नाही. उलट घर रिकामं आहे हे त्या दिवशी पुरतं कळलं. मला त्यांना एक प्रश्न विचारायचा होता आणि विचारायला ते नव्हते. हेच तर साधं सांगायचं होतं, मग वीस-बावीस वर्षांत मला सांगितलं का नाही? की त्यांनी सांगावं अशी जागाच मी कधी ठेवली नव्हती?

हळूहळू त्यांच्या सगळ्या सवयी मी उचलल्या. कुणाला दाखवण्यासाठी नाही, तशी बघायला होतंच कोण? डाळ भिजत घातली की मला वाटायचं, आज त्यांनी सांगितलेलं एक काम केलं. कपडे धुतलेलं पाणी बादलीत साठवून संडासात टाकायला लागले. खिडकीपाशी पाट सरकवून तिथंच भाजी निवडायची, म्हणजे दिवसा दिवा लागत नाही. असली छोटी छोटी कामं दिवसभराला पुरायची. एकट्या माणसाला दिवस भरून काढायला काहीतरी लागतंच.

गॅलरीत जुन्या चादरीखाली एक पेटी होती. सूर्यचूल. शेवटच्या वर्षी हे कुठल्याशा प्रदर्शनातून ती खांद्यावर घेऊन आले होते. सुटकेसएवढी पत्र्याची पेटी, आत काळा रंग, वर काच, आणि झाकणाला आतून आरसा. आत ठेवायला चार काळे डबे. आरशानं ऊन काचेवर पाडायचं, आत तापतं, दोन-तीन तासांत अन्न शिजतं. न गॅस, न वीज. यांनी एका रविवारी त्यात भात लावला होता. आमच्या गॅलरीत ऊन तासभरच येतं. भात कच्चा राहिला. मी त्यांच्यासमोरच तो गॅसवर चढवला आणि म्हणाले, "झालं समाधान?" त्यांनी पेटी पुसून चादर घातली. पुन्हा काढली नाही.

आता ती मी काढली. एकदा तरी नीट शिजवून बघायचं होतं. सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली मागून घेतली. पापड-कुरडया वाळवायच्या आहेत असं सांगितलं, कारण खरं सांगायला संकोच वाटला.

गच्चीवर गेल्यावर पहिल्यांदा पाहिलं ते लांबवरचं हिरवं. गिरीजकडे, सांडोरकडे नारळीचे शेंडे आणि खाली केळी, मध्येच चर्चचा पांढरा मनोरा. आणि अलीकडे आमच्यासारख्याच इमारती. एवढी वर्षं इथं राहून मी गच्चीवर आले नव्हते.

पहिल्या दिवशी भाताचा लगदा झाला. दुसऱ्या दिवशी काच नीट बसली नव्हती, अर्धं कच्चं. तिसऱ्या दिवशी आरशात स्वतःला बघून एक कावळा त्यावर चोची मारत राहिला आणि मला तिथंच बसून राहावं लागलं. त्या दिवशी कळलं की बसूनच राहायचं असतं. ऊन सरकतं तशी पेटी थोडी थोडी फिरवायची. मी टाकीच्या सावलीत पाट टाकून बसायला लागले. खाली सगळी इमारत रिकामी. कुणाच्या तरी घरातला फोन वाजून वाजून बंद व्हायचा. चौथ्या दिवशी डबा उघडला तर भात असा मोकळा, शीत न् शीत वेगळं. मी तिथंच उभ्या उभ्या दोन घास खाल्ले. मीठसुद्धा नव्हतं.

आमच्या इमारतीत दिवसा येणारं माणूस म्हणजे एक भाजीवाल्या मावशी. गिरीजच्या. वय सत्तरीकडे झुकलेलं, काटक, डोक्यावर टोपली. वालाच्या शेंगा, दुधी, अळू, केळफूल, जे वाडीत असेल ते. इमारतीत माझ्याशिवाय दार उघडणारं कुणी नसायचं, तरी त्या चारही मजले चढायच्या. एक दिवस माझंही दार बंद दिसलं म्हणून त्या थेट गच्चीवर आल्या.

"ही कसली पेटी गो बाय? आरसा कशाला?"

"मावशी, यात भात शिजतो. उन्हावर."

त्यांनी टोपली खाली ठेवली, पेटीभोवती एक फेरी मारली, काचेवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. मग मोठ्यानं हसल्या.

"माझं माहेर नंदाखालचं. आम्ही राजेळी केळी उन्हात सुकवायचो, आठ-आठ दिवस. सुकेळी खाल्लीस ना कधी? ते उन्हाचंच काम. पण ऊन भात शिजवतं हे नाय ऐकलं."

मी त्यांना डाळभात वाढला. त्यांनी चवीनं खाल्ला आणि म्हणाल्या, "पावसात काय करशील?"

"पावसात गॅस."

"गॅस पण थोडाच लागतो. उकळी आली की उतरवायचा आणि पेंढ्यात पुरायचा. टोपलीत भाताचा पेंढा दाबून भरायचा, मध्ये टोप, वरून गोणपाट. विसरून जायचं. कामावरून येईपर्यंत शिजलेला असतो. आम्ही वाडीत कामाला जायचो, चुलीपाशी कोण बसणार?"

दोन दिवसांनी भाजीच्या टोपलीत शेंगांच्या खाली त्या माझ्यासाठी पेंढ्याची जुडी घेऊन आल्या.

तिथून आमचं जमलं. आठवड्यातून दोन-तीनदा त्या यायच्या, गच्चीवर बसायच्या. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, नातवंडं शाळेत, वाडीतलं होईल तेवढं त्या करायच्या. घरी त्या सुनेशी आपल्या बोलीत बोलायच्या. ती मला अर्धीमुर्धीच कळायची. माझ्याशी मात्र शाळेतल्यासारखं सावकाश बोलायच्या. मी त्यांना यांच्याबद्दल सांगितलं. नदीचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "माणूस चांगला होता. बोलायला नव्हता चांगला." यांच्याबद्दल एवढं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग दक्षिणेच्या बाजूच्या प्लॉटवर काम सुरू झालं. आधी खांब, मग पहिला मजला, दुसरा. पाचव्या मजल्याला ती इमारत आमच्यापेक्षा उंच झाली. थंडीत सूर्य दक्षिणेकडून खालून जातो, तेव्हा तिची सावली आमच्या गच्चीवर लांबलचक पडू लागली. मी पेटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेत होते. सातवा मजला झाला तेव्हा अकरा ते दोन, म्हणजे जेव्हा ऊन हवं नेमकं तेव्हाच, सगळी गच्ची सावलीत. यात कुणाची चूक म्हणायची? आमची इमारतही केळीच्या डोक्यावरच उभी होती. तरी मी त्या दिवशी अर्धवट शिजलेला भात घेऊन खाली आले आणि जेवले नाही.

मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी फार विचार केला नाही.

"आमच्या अंगणात ऊन हाय. घेऊन ये."

रिक्षात पेटी मांडीवर घेऊन मी गिरीजला गेले. रस्त्यापासून आत केळीतून पायवाट, पुढे कौलारू घर, शेणानं सारवलेलं अंगण. विहिरीवर जुन्या रहाटाचं गंजलेलं चाक अजून उभं होतं. शेजारी विजेचा पंप. अंगणाच्या मधोमध आम्ही पेटी ठेवली. त्यानंतर पेटी तिथंच राहिली आणि मी एसटीनं जायला लागले. सकाळी साडेनऊची बस. मी तांदूळ न्यायची, त्या भाजी द्यायच्या. डबे पेटीत गेले की आम्ही वाडीत काम करायचो. मला काही येत नव्हतं. त्यांनी शिकवलं. मोरीचं पाणी चर काढून केळीकडे कसं न्यायचं, आंघोळीचं पाणी तापवायला झावळ्या आणि नारळाची सोडणं कशी जमवून ठेवायची, वाळलेली पानं न जाळता आळ्यात कशी पसरायची म्हणजे पाणी कमी लागतं. त्यांना कुणी पर्यावरण या शब्दाचा अर्थ विचारला असता तर त्यांना सांगता आला नसता.

विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलं होतं. "आधी गोड होतं," त्या म्हणायच्या. "आजूबाजूला पंप लागले, उपसा वाढला, आता समुद्र आत येतो." पुढं भारनियमन सुरू झालं तेव्हा तासन् तास पंप बंद राहायचा. मावशी बादलीनं पाणी ओढायच्या, मी दुसऱ्या बाजूनं धरायची. माझ्या इमारतीत संध्याकाळी दिवे गेले की सगळे गॅलरीत येऊन ओरडायचे. आमच्या वाडीत ते जायचे तेव्हा दुपार असायची, डबे पेटीत असायचे आणि दिवे गेले म्हणून जेवण अडायचं नाही.

आमच्या वाडीत, असं आता लिहून गेले. माझी कुठं होती ती?

तरी संध्याकाळी चारच्या बसनं मी परत यायचे. मावशींचा मुलगा-सून यायच्या आत निघायचे, कारण मग मी पाहुणी होईन असं वाटायचं. घरी येऊन कुलूप काढलं की तीच शांतता. दिवसभराचं बोलणं संपलेलं असायचं. रविवारी मुलगी विचारायची, "जेवलीस का?" मी सांगायचे, "गिरीजला जेवले." ती म्हणायची, "आई, तू रोज कुठं जातेस गं उन्हात? इकडे ये ना राहायला." तिला काय सांगणार? नागपूरला ऊन भरपूर आहे, पण तिच्याकडे दोघंही नोकरीला. तिथंही मी दिवसभर एका रिकाम्या घरात बसणार.

एका जानेवारीत मी तापानं पडले. पाच-सहा दिवस अंगात ताकद नव्हती. फोन मावशींकडे होता, पण त्यांना तो लावता यायचा नाही आणि माझ्याकडे त्यांचा नंबर नव्हता. कधी लागलाच नव्हता. इमारतीत कुणाला सांगितलं नाही. सकाळी आठनंतर सांगायला कुणी नसायचंच. पलंगावर पडून मी जिन्यातले आवाज ऐकायचे. सातव्या दिवशी दुपारी बेल वाजली. भिंतीला धरत जाऊन दार उघडलं तर मावशी. डोक्यावर टोपली होती, पण टोपलीत भाजी नव्हती. पेंढा होता, वर गोणपाट, त्याखाली टोप.

"आली नाहीस," त्या म्हणाल्या. रागावल्या होत्या.

"ताप होता मावशी."

"ते दिसतंय."

त्यांनी स्वयंपाकघरात टोपली ठेवली, पेंढा बाजूला केला, टोप काढला. झाकण उघडलं तर वाफ आली. सकाळी घरून चुलीवरून उतरवलेली पेज, बसमधून, स्टँडपासून चालत, तीन मजले चढून आणलेली, आणि अजून एवढी गरम की मला फुंकून प्यावी लागली. त्या समोर भिंतीला टेकून बसल्या. मी पीत असताना त्यांनी घरभर नजर फिरवली. पहिल्यांदाच त्या माझ्या घराच्या आत आल्या होत्या. आजवर दारातच किंवा गच्चीवर.

"एवढ्या घरात तू एकटी?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मी पण," त्या म्हणाल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. पाच माणसांचं घर होतं त्यांचं. "सगळे सातला येतात, जेवतात, टीव्ही बघतात. चांगली आहेत पोरं. पण बोलायला कुणाला वेळ नाय. तू आली नाहीस तर मी सहा दिवस केळींशी बोलले."

त्यानंतर आम्ही दोघींनी हा विषय पुन्हा काढला नाही. गरज पडली नाही.

आणखी चार वर्षं मी जात राहिले. पावसाळ्यात पेटी पडवीत झाकून ठेवायची आणि पेंढ्याची टोपली काढायची. पाऊस गेला की पुन्हा अंगण. मावशींचे गुडघे धरले तसं टोपली घेऊन फिरणं थांबलं, मग वाडीतलं वाकणंही थांबलं. त्या ओट्यावर बसून सांगायच्या, मी करायची.

एका उन्हाळ्यात मुलीच्या बाळंतपणाला मी नागपूरला गेले. दोन महिने राहिले. नातू झाला. परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेनऊची चुकली म्हणून साडेअकराची बस पकडली. पायवाटेवरून आत गेले तर ओटा रिकामा. कामाचा दिवस असून सून घरात होती. तिनं मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"पंधरा दिवस झाले," ती म्हणाली. "तुम्हाला कळवायचं तर तुमचा नंबर नव्हता. नावसुद्धा माहीत नव्हतं. सासूबाई तुम्हाला पेटीवाली बाय म्हणायच्या. वसईत जाऊन कुठं विचारणार, पेटीवाली बाय कुठं राहते?"

तिचंही बरोबर होतं. मलाही मावशींचं नाव माहीत नव्हतं. त्या दिवशी भिंतीवरच्या फोटोखाली वाचलं.

आम्ही दोघी ओट्यावर बसलो. तिनं पाणी दिलं. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकींना चार-पाच वेळाच भेटलो असू. शेवटी मी म्हणाले, "मी पेटी घेऊन जाते आज. तुम्हाला अडचण नको."

ती गडबडली. अंगणाकडे बोट दाखवून म्हणाली, "आज नका नेऊ. मी भात लावलाय तिच्यात. सासूबाई गेल्या तेव्हापासून रजेवर आहे, म्हटलं बघावं होतंय का. दोनदा लावला, कच्चाच राहतो."

मी उठून बघितलं. आरसा तिनं पूर्वेकडे ठेवून दिला होता, सकाळचा, तसाच. ऊन केव्हाच पुढं सरकलं होतं.

"फिरवावी लागते हिला," मी म्हणाले. "ऊन जाईल तशी. कुणीतरी जवळ बसावं लागतं."

"किती वेळ?"

"आता लावली तर दीडेक तास."

तिनं घरातल्या घड्याळाकडे पाहिलं. "तुमची बस कधी आहे?"

"चारची."

मग ती आतून दोन पाट घेऊन आली, विहिरीजवळच्या जांभळाखाली टाकले आणि म्हणाली, "बसा. आणि तुमचं नाव काय ते आधी सांगा."